'दे' म्हण

"करंडी मांडीवर घे आणि झाकणावरचा हात काढू नकोस," असं मालनला, माझ्या बायकोला, सांगून मी टेम्पोच्या हौद्यात चढलो आणि तिसरी करंडी गादीच्या वळकटीला टेकवून ठेवली.

सामान तसं फार नव्हतं. एक लोखंडी खाट, दोन कोठ्या, मालनचं शिलाई मशीन, भांड्यांची दोन पोती, आणि बांबूच्या तीन करंड्यांत अकरा कबुतरं. पहाटे उठून एकेकाचे पंख मीच दोऱ्याने बांधले होते. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत भावाभावांची फाटाफूट म्हणजे फुकटचा तमाशा, त्यामुळे सगळे आपापल्या पायऱ्यांवर येऊन बसले होते. कुणी दात घासत होतं, कुणी नुसतंच दाताला बोट लावून बघत होतं.

दिनूदादा, माझा थोरला भाऊ, लेथच्या शेडच्या दारात उभा होता. हात तेलाने काळे. सकाळपासून त्याने एक शब्द काढला नव्हता. टेम्पोवाल्याने फळी लावली तेव्हा तो पुढं आला.

"पाखरं ठिवून जा," तो म्हणाला.

"का? तुझी हायत व्हय?"

"माझी न्हाईत, तुझी बी न्हाईत. ह्या गच्चीवरची हायत. तिकडं माळावर न्हाईत राहायची ती."

"दाणा मी घालतोय. पाखरं माणूस वळखत्यात."

"पाखरं जागा वळखत्यात, आंद्या. म्याच शिकवलंय न्हवं तुला?"

नेमक्या ठसठसत्या जागी त्याने बोट ठेवलं. मला सगळं त्यानेच शिकवलं होतं. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा आणि तो सतरा. लेथवर आटे पाडायला त्याने शिकवलं, सायकल त्याने शिकवली, कबुतर हातात धरून नर का मादी ते ओळखायला त्याने शिकवलं. त्याच्या घरात मला कधी काही कमी पडलं नाही. फक्त मागावं लागायचं. शर्ट पाहिजे, 'दे' म्हण. सिनेमाला जायचंय, 'दे' म्हण. 'दे' म्हटलं की तो हसत द्यायचा, कधी हात आखडला नाही. पण अठ्ठावीस वर्षांच्या, लग्न झालेल्या माणसाला रोज सकाळी भावासमोर उभं राहून ते एक अक्षर उच्चारताना काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. मी त्या अक्षराला विटलो होतो. म्हणून गावाबाहेरच्या माळावर दोन खोल्या बांधल्या आणि दुसऱ्याच्या वर्कशॉपात नोकरी धरली. दादाच्या दोन लेथपैकी एक त्या दिवसापासून बंद पडणार होता, हे मला माहीत होतं आणि त्याचं मला बरंच वाटत होतं.

इथं आमच्या भागातल्या कबुतरवाल्यांची एक रीत सांगायला हवी. दोन ढाबळींत, म्हणजे कबुतरांच्या दोन खुराड्यांत, एकतर सलोखा असतो, नाहीतर वैर. सलोखा असला तर तुमचं चुकलेलं पाखरू दुसऱ्याच्या गच्चीवर उतरल्यावर तुम्ही खाली रस्त्यात उभं राहून 'दे' म्हणायचं आणि त्याने ते द्यायचं. नाही दिलं तर त्याची नाचक्की. वैर असलं तर उतरलेलं पाखरू त्याचं. ठेवील, विकील, नाहीतर मान मोडील, तुम्ही ब्र काढायचा नाही. आणि सलोखा असो की वैर, दुसऱ्याच्या गच्चीची शिडी चढायची नाही. वैर मोडायचा रस्ता एकच, खाली उभं राहून मागणं.

सख्ख्या भावांत कुणी वैर लावलेलं गल्लीने ऐकलं नव्हतं. ते मी लावलं. टेम्पोच्या हौद्यात उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "माझं एक जरी पाखरू तुझ्या गच्चीवर उतरलं, तर खुशाल मुंडी मुरगळ. मी मागाय येणार न्हाई."

पायऱ्यांवरचे दात घासायचे थांबले. शालनवैनी दारातून म्हणाल्या, "भावजी, काय बोलताय ह्ये?"

दादा कापसाच्या चिंधीला हात पुसत म्हणाला, "ऐकलं सगळ्यांनी. जा."

माळावरचे पहिले बारा दिवस झकास गेले. शेजार नव्हता, नळाला पाणी नव्हतं, पण कुणाला काही मागायचंही नव्हतं. अंगणात मी नवी ढाबळ ठोकली. कबुतरं पंख बांधलेल्या अवस्थेत अंगणभर फिरायची आणि मालन त्यांना ज्वारी टाकायची. दीड महिना बांधून ठेवायची, मगच हळूहळू सोडायची, हे मला पाठ होतं. तरीही जुनी पाखरं वाट धरतात ती धरतातच, नव्या जागेत अंड्यातून निघतात तीच खरी तिथली. हेही दादानेच सांगितलेलं.

बाराव्या दिवशी वास्तुशांत घातली. मालनच्या माहेरचे पंचवीस-तीस लोक आले. दादाला मी बोलावलं नाही. मालन तीनदा म्हणाली, "निरोप तरी धाडा, लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "लोकांना शिरा खाऊ दे." पूजा झाली, दूध उतू गेलं, आणि मला हौस आली म्हणून कबुतरांच्याही डोक्याला कुंकवाचं बोट लावलं. घरातलीच माणसं ती.

जेवणं चालली होती. माझा मेहुणा बाजीराव पत्रावळीवरून उठला आणि हात धुता धुता अंगणात बघून म्हणाला, "दाजी, लई नाव ऐकलं हुतं तुमच्या पाखरांचं. ही तर कोंबड्यांगत चालालीत. अंडी किती देत्यात दिवसाला?"

सगळे हसले. सासरेसुद्धा हसले.

एवढंच झालं. ह्यापेक्षा मोठं काही झालं नाही. मी घरात गेलो, कात्री आणली आणि पहिलं कबुतर धरलं.

"अवो, दीड महिना म्हणला हुता न्हवं तुमी?" मालन माझ्या मनगटाला धरून हळूच म्हणाली. "आणि महिनाभर ऱ्हायलाय. पाव्हणं जातील निघून, पाखरं परत मिळायची न्हाईत."

"सोड हात," मी म्हणालो.

अकराही पाखरांचे दोरे मी कापले आणि शीळ घातली. काय सांगू, अशी उठली ती, फडफडाटाने मांडवाचं कापड हललं. घरावर त्यांनी पहिला फेरा घेतला, दुसरा घेतला, तिसरा तर इतका उंच की पाहुण्यांच्या माना मागं पडल्या. बाजीरावाचं तोंड उघडंच. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात गवळण नावाची म्हातारी मादी उगवतीकडं वळली. तिच्यामागं सगळीच वळली. सरळ गावाच्या रोखाने गेली, आणि एकानेही मागं बघितलं नाही.

मग बाजीराव म्हणाला, "दाजी, गावात जेवाय गेली जणू."

मी पूजेच्या धोतरावरच लुना काढली.

गल्लीत पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. शेडवर आमची छोटी गच्ची, गच्चीवर ती जुनी ढाबळ, आणि रस्त्यातूनच वर चढणारी लोखंडी शिडी. दादा गच्चीच्या कडेला बसला होता. कठड्याजागी नुसता एक विटेचा थर. ढाबळीचं दार लावलेलं होतं आणि आत घुमण्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला. सगळी होती.

"वास्तुशांत झाली म्हणं," दादा वरून म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"पाखरांच्या डोस्क्यावर कुंकू हाय. पाखरास्नी आवतान हुतं, मला न्हवतं."

गल्ली जमायला लागली होती.

"मग?" दादा म्हणाला. "कशाला आलाईस?"

"तुला म्हाईत हाय."

"मला न्हाई म्हाईत. तू सांग." त्याने ढाबळीत हात घालून एक निळा नर बाहेर काढला. "वैर तू लावलंस. मोडायचं बी तुझ्याच हातात हाय. 'दे' म्हण. अकराच्या अकरा करंडीत घालून खाली आणून देतो."

नुसतं एक अक्षर. मागं मंगू न्हाव्यापासून सगळी गल्ली उभी. बारा दिवसांपूर्वी ह्याच लोकांसमोर मी हौद्यात उभा राहून बोललो होतो.

"न्हाई म्हणत," मी म्हणालो.

दादाने निळ्याची मान दोन बोटांत धरून पिळली. कट्ट असा बारीक आवाज झाला. मग त्याने तो खाली टाकला. तो माझ्या पायाशी पडला, पंख अजून हलत होते, आणि चोचीतून रक्ताचा एक थेंब माझ्या पांढऱ्या धोतरावर उडाला.

बायका किंचाळल्या. मला वाटलं नव्हतं तो करील म्हणून. गल्लीतल्या कुणालाच वाटलं नव्हतं. चिमणीचं पिल्लू खाली पडलं तर शिडी लावून घरट्यात ठेवणारा माणूस तो.

त्याने दुसरं काढलं. "'दे' म्हण."

"न्हाई."

कट्ट.

"आंद्या, 'दे' म्हण."

"मेलो तरी म्हणत न्हाई!"

तिसऱ्याची मान त्याने इतकी जोरात पिळली की ती तुटूनच आली. धड गच्चीवर फडफडत राहिलं आणि मुंडी खाली गटारीच्या काठावर पडली. कुंकवाचं बोट तसंच होतं. शालनवैनी माझ्यापुढं आल्या, माझा दंड धरून मला हलवायला लागल्या. "भावजी, म्हणा की एवढं! तोंडाला कीड पडलीया का? मुकी जनावरं ती! अवो, तुमी तरी थांबा!" दोघांनीही त्यांचं ऐकलं नाही. मी त्यांचा हात झटकला, त्या भिंतीवर आदळल्या आणि त्यांच्या बांगड्या फुटल्या.

चौथं. पाचवं. दादाचे हात कोपरापर्यंत रक्ताने भरले होते. मधेच तो शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होता, त्यामुळे गालावरही रक्त लागलं होतं. ऊन कडक होतं, मला वाटलं घाम पुसतोय.

सहावं त्याने काढलं ती पांढरी चांदणी होती, मालनच्या हातावर बसून दाणे खाणारी. "ही तरी वाचव," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कसासाच आला. "एवढी तरी."

मी दात आवळून उभा राहिलो. आज मागं वळून बघताना ह्या क्षणाचीही लाज वाटते. मारणारा हात त्याचा होता, पण त्या हाताला थांबवायचं होतं ते माझ्या तोंडाने, आणि ते मला कळत होतं. पुरतं कळत होतं. तरीही मी उभा राहिलो.

चांदणी पडली. सातवी गवळण होती. ती पडताना माझ्या खांद्याला आपटून पडली, आणि तिचं गरम रक्त माझ्या उघड्या खांद्यावरून छातीवर आलं, तसं माझं भान सुटलं. मी शिडीकडं धावलो.

"आंद्या, शिडी चढू नको!" मागून कुणीतरी ओरडलं. "रीत न्हाई ती!"

चार ढांगांत मी वर होतो. पाखरं हाकायची वेळूची काठी कोपऱ्यात असायची, ती मी उचलली आणि दादाच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यावर बसला. दुसरा फटका कानावर बसला, तिसऱ्याला काठीच मोडली. मग तो उठला. सत्तर किलोच्या लोखंडी गजांशी रोज झटणारा माणूस, त्याने माझं नरडं एका हाताने धरलं आणि मला ढाबळीवर आदळलं. ढाबळीची जाळी फाटली. उरलेली चार पाखरं आमच्या तोंडावरून बाहेर पडली. मी त्याच्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचा चावा घेतला, हाडाला दात लागेपर्यंत. त्याने सोडलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती आणि त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं.

"एकदा म्हण रं," तो म्हणाला. "एकदा."

मी दोन्ही पाय त्याच्या पोटावर रोवले आणि सगळ्या ताकदीने लोटलं.

तो दोन पावलं मागं गेला. तिसरं पाऊल विटेच्या थरावर पडलं, वीट निसटली, आणि दादा गच्चीवर नव्हता. खाली पायरीच्या दगडावर पडल्याचा आवाज आला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही, आणि तो कसा होता ते सांगायची माझी तयारी नाही.

मी कडेला जाऊन खाली बघितलं. तो उताणा पडला होता, डोळे उघडे. आजूबाजूला मेलेली कबुतरं. वैनी त्याच्या छातीवर पडल्या होत्या. वर चार पाखरं घिरट्या घालत होती, आणि मी शिडी उतरायच्या आत ती परत गच्चीवर येऊन बसली, मोडक्या ढाबळीच्या टपावर, जिथं त्यांची जागा होती तिथं.

रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो कण्हत होता, पण बोलला नाही. मी मात्र सारखा बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवत नाही, बहुतेक रिक्षावाल्याला शिव्या देत होतो.

मणका मोडला होता. दादा त्यानंतर चौदा वर्षं जगला, पण कंबरेखाली त्याला कधी काही जाणवलं नाही. शेडमधला दुसरा लेथही बंद झाला. ती चौदा वर्षं वैनींनी कशी काढली, मी काय केलं आणि काय केलं नाही, ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात माझी फारशी शोभा नाही. पण लोक मला विचारतात तेव्हा त्यांना वाटतं, मला गच्चीवरचं आठवून झोप लागत नसेल. तसं नाही. मला आठवतं ते त्याच संध्याकाळचं, दवाखान्यातलं.

पाच-साडेपाचला हवालदार जबाब घ्यायला आला. वॉर्डात पंखा करकरत होता. दादाला डोक्याला पट्टी, अंगठ्याला पट्टी, कमरेला लाकडी फळी. मी खाटेच्या पायथ्याशी, अजून त्याच धोतरात, उभा होतो. माझ्या मनात हिशेब चालला होता की किती वर्षांची शिक्षा होईल. मालन पोटुशी होती, तिसरा महिना. नोकरी जाणार, घर जाणार.

"काय झालं, कसं झालं?" हवालदाराने वही उघडली.

"पाखरू धराय गेलो," दादा म्हणाला. "पाय घसरला."

"वर आणि कोण हुतं?"

"कोण न्हवतं."

"गल्लीतली माणसं भांडण झालं म्हणालीत."

"गल्ली काय बी म्हणंल. पडलोय मी का गल्ली?"

"आणि डोक्याला हे? काठीचा वळ दिसतोय."

"ढाबळीचा वासा लागला."

"अंगठ्याला?"

"जाळी फाटलीया, तिचा पत्रा लागला."

हवालदाराने माझ्या धोतराकडं बघितलं, मग माझ्या गळ्यावरच्या बोटांच्या खुणांकडं. "ह्ये कोण?"

"धाकटा भाऊ माझा. त्यानं उचलून आणलं म्हणून जिता हाय."

हवालदार मूर्ख नव्हता. त्याने पेन थांबवलं आणि मला विचारलं, "असंच झालं?"

दादाने डोळे माझ्याकडं वळवले. त्या नजरेत राग नव्हता. तो वाट बघत होता, बस्स. दुपारभर गच्चीवरून बघत होता तशीच. आणि तेव्हा मला कळलं की त्याला पाखरांचं काही पडलेलं नव्हतं, माझं घर झाल्याचंही दुःख नव्हतं. मी एकदा, आपण होऊन, त्याच्यापुढं खरं बोलावं, त्याचा भाऊ म्हणून बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. 'न्हाई साहेब, मी ढकललं.' एवढंच वाक्य होतं. सात पाखरं मेली तरी जे तोंड उघडलं नव्हतं, ते आता पटकन उघडलं.

"होय साहेब," मी म्हणालो. "पाय घसरला."

हवालदाराने माझी सही घेतली, वही मिटली आणि तो गेला. पंखा करकरत राहिला. दादा वर आढ्याकडं बघत होता. मग तो बोलला, अगदी रोजच्या आवाजात.

"जा आता तुझ्या घरला," तो म्हणाला. "पाव्हणं थांबलं असतील."